स्क्रीनकास्टसाठी शिक्षकांना हक्काची तासिका द्या

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

शाळा डिजिटल झाल्या की नाही, हे ठरवताना आपण स्मार्ट बोर्ड किती बसले आणि संगणक किती आले, एवढेच मोजतो. सातारा जिल्ह्यातील एका ग्रामीण माध्यमिक शाळेत मी गेली सतरा वर्षे नववी-दहावीला गणित शिकवते. या काळात ज्या गोष्टीचा मला वर्गात खरोखर उपयोग झाला, तिची नोंद अशा कोणत्याही मोजदादीत होत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. मोबाईलच्या किंवा संगणकाच्या पडद्यावर आकृती काढत, एकेक पायरी बोलून समजावत शिक्षकाने स्वतः तयार केलेला पाच-सहा मिनिटांचा व्हिडिओ, म्हणजेच स्क्रीनकास्ट, मुले आदल्या दिवशी पाहून येतात आणि तासिकेत प्रत्यक्ष सराव करतात. या पद्धतीला फ्लिप्ड लर्निंग म्हणतात.

अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातील वुडलँड पार्क या गावच्या हायस्कूलमध्ये जोनाथन बर्गमन आणि ॲरन सॅम्स या रसायनशास्त्राच्या दोन शिक्षकांनी २००७ मध्ये आपले पाठ असे रेकॉर्ड करायला सुरुवात केली, ती शाळा बुडणाऱ्या मुलांसाठी. गाव आडबाजूला असल्याने खेळांच्या सामन्यांना जाणाऱ्या मुलांचे तास बुडत असत. आमच्याकडे तास बुडतात ते सुगीमुळे, घरच्या आजारपणामुळे किंवा पावसाळ्यात एसटी न आल्यामुळे. कारणे वेगळी असली तरी दुसऱ्या दिवशी कोऱ्या वहीसमोर बसलेला विद्यार्थी दोन्हीकडे सारखाच असतो, आणि तोच पाठ त्याच्यासाठी पुन्हा घेणे अठ्ठावन्न मुलांच्या वर्गात शक्य नसते.

एक उदाहरण देते. दहावीच्या भूमितीत वर्तुळाबाहेरील बिंदूतून वर्तुळाला स्पर्शिका काढण्याची रचना आहे. वर्तुळाचे केंद्र आणि बाहेरचा बिंदू जोडायचा, त्या रेषाखंडाचा लंबदुभाजक काढून मध्यबिंदू मिळवायचा, मध्यबिंदूवर कंपासचे टोक ठेवून केंद्रापर्यंतची त्रिज्या घ्यायची, कंस जिथे मूळ वर्तुळाला छेदेल तिथून बाहेरच्या बिंदूपर्यंत रेषा काढायच्या. फळ्यावर लाकडी कंपासने हे करताना माझी पाठ मुलांकडे असते, मागच्या बाकांना कंपासचे टोक दिसत नाही आणि पस्तीस मिनिटांच्या तासिकेतील वीस मिनिटे यातच जातात. मग रचना मुले घरी करतात, म्हणजे जिथे अडते नेमके तिथे विचारायला कोणी नसते. हाच भाग स्क्रीनकास्टवर साडेपाच मिनिटांत होतो, आणि ज्याला पायरी कळली नाही तो ती चार वेळा मागे नेऊन पाहू शकतो. तासिकेत सगळे कंपास घेऊन बसतात आणि मी बाकांमधून फिरते. तेव्हाच लक्षात येते की कित्येक मुले मध्यबिंदू बरोबर काढतात, पण पुढचा कंस मात्र बाहेरच्या बिंदूवरून घेतात, आणि त्यांची रेषा वर्तुळाला स्पर्श न करता छेदून जाते. ही चूक पूर्वी मला सहामाहीच्या उत्तरपत्रिकेत दिसायची, आता ती पेन्सिल कागदावर असतानाच दिसते. गेल्या वर्षी एका मुलीने त्याच तासाला विचारले, "बाई, पण मध्यबिंदूच का?" अर्धवर्तुळात अंतर्लिखित झालेला कोन काटकोन असतो, या प्रमेयाशी तिचा प्रश्न जोडून देण्याइतका वेळ माझ्याकडे होता. एरवी तेवढ्यात घंटा होते.

पहिल्या वर्षी हा प्रयोग फसला, हेही सांगितले पाहिजे. मी अठ्ठावीस मिनिटांचा व्हिडिओ केला होता आणि तो अकरा मुलांनी पाहिला. उरलेल्यांसाठी मी सगळा पाठ पुन्हा फळ्यावर घेतला, त्यामुळे जी अकरा मुले तयारी करून आली होती, त्यांचाच तास वाया गेला. पुढच्या वेळी कोणी पाहिले नाही असे होणे स्वाभाविकच होते. तेव्हापासून मी पाठ परत घेत नाही. ज्यांनी व्हिडिओ पाहिलेला नाही, ती मुले पहिली दहा मिनिटे मागच्या बाकावर शाळेच्या लॅपटॉपवर तो पाहतात आणि मग सरावात येतात. पाहताना वहीत कच्ची आकृती आणि स्वतःला पडलेला एक प्रश्न लिहून आणणे मात्र सगळ्यांना सक्तीचे आहे.

"तयार व्हिडिओ ढिगाने उपलब्ध असताना शिक्षकाने ते का करत बसावे?" असे मला अधिकाऱ्यांनीही विचारले आहे. पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडमुळे 'दीक्षा' या सरकारी शैक्षणिक ॲपवरील साहित्य मुलांपर्यंत पोहोचले, हे मोलाचे काम आहे आणि मीही ते वापरते. पण माझ्या वर्गातील मुले कोणत्या पायरीवर अडखळतात हे त्या तयार व्हिडिओतला दूरचा आवाज जाणत नाही. कोरोनाच्या काळात व्हॉट्सॲपवर रोज पाच-पाच व्हिडिओ पुढे पाठवले गेले आणि व्हिडिओ पाठवला म्हणजे शिकवले, असा एक घातक समज रूढ झाला. एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावर व्हिडिओ ६९ लाख वेळा पाहिले गेल्याच्या नोंदींचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा मिनिटांपर्यंतच्या व्हिडिओंमध्येच पाहणाऱ्यांचे लक्ष टिकते, आणि नुसत्या स्लाइडपेक्षा हाताने लिहीत समजावलेला पाठ अधिक धरून ठेवतो, असे त्यात आढळले. माझा वर्गातील अनुभव याहून वेगळा नाही.

खरी अडचण मोबाईलची आहे. एक पालक मला म्हणाले, "बाई, तुम्हीच म्हणता पोरांना मोबाईल देऊ नका, आणि अभ्यास पण मोबाईलवरच देता." त्यांचे म्हणणे मी गंभीरपणे घेते. ग्रामीण भागातील १४ ते १८ वयोगटावरील 'प्रथम' या संस्थेच्या २०२३ च्या 'असर' या शिक्षणविषयक पाहणी अहवालानुसार स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ४३.७ टक्के मुलग्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींमध्ये हे प्रमाण १९.८ टक्के होते. माझ्या वर्गातील एका मुलीला वडील रात्री दुसऱ्या पाळीवरून परतल्याशिवाय फोन मिळत नाही, आणि तोवर ती झोपलेली असते. तिच्या पदरी घरचा व्हिडिओ म्हणजे आणखी एक न झालेला गृहपाठ. त्यामुळे मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटल्यावर अर्धा तास संगणक कक्ष उघडा ठेवणे ही या पद्धतीची पूर्वअट मानली पाहिजे. कक्षाला कुलूप आणि किल्ली कार्यालयात, हे चित्र बदलायला वेगळा निधी लागत नाही.

रेकॉर्डिंगसाठी लागणारी साधनेही महाग नाहीत. पडदा रेकॉर्ड करणारे ओबीएस स्टुडिओ आणि भूमितीच्या आकृत्या काढणारे जिओजेब्रा ही सॉफ्टवेअर मोफत मिळतात, आणि बहुतेक मोबाईलमध्ये पडदा रेकॉर्ड करण्याची सोय असतेच. लागतो तो वेळ. सहा मिनिटांच्या एका नीटस पाठासाठी मला दीड ते दोन तास खर्चावे लागतात, आणि ते रात्री जेवणे उरकल्यावर, घर शांत झाल्यानंतर. निवडणूक, सर्वेक्षण आणि रोजची ऑनलाइन माहिती भरण्याची कामे सांभाळून वर्षाला चाळीस पाठ करणे कोणत्याही शिक्षकाला परवडणारे नाही.

म्हणून शालेय शिक्षण विभागाला माझी विनंती आहे की, माध्यमिक शिक्षकांच्या कार्यभारात आठवड्याला दोन तासिका पाठनिर्मितीसाठी अधिकृतपणे धराव्यात, एका केंद्रातील (म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटातील) एकाच विषयाच्या शिक्षकांना घटक वाटून घेण्याची मुभा द्यावी, आणि शाळा तपासणीच्या वेळी किती व्हिडिओ केले हे न विचारता त्या दिवशीच्या तासिकेत मुले काय करत होती, ते वर्गात बसून पाहावे.

आपली विश्वासू,
एक माध्यमिक गणित शिक्षिका, जि. सातारा