आमच्या वर्गात मागच्या बाकावर बसणाऱ्या सरांना

आदरणीय सर,
सादर प्रणाम.

निवृत्तीनंतरचा आपला वेळ आपण आमच्या चौथीच्या वर्गाला दिलात, मागच्या बाकावर बसून मुलांचे बोलणे टिपून घेतलेत आणि तास संपल्यावर त्यातले एकेक वाक्य माझ्यासमोर ठेवून पुढच्या तासाची आखणी करायला मदत केलीत, त्याबद्दल हे जाहीर आभारपत्र. अशी सोबत अनेक प्राथमिक शिक्षकांना हवी असते, म्हणून ते सर्वांसमोर लिहीत आहे.

लंबकाच्या तासाचे साहित्य साधे होते: दोरा, तारेचा आकडा, काही वायसर आणि सेकंदकाटा असलेले घड्याळ. प्रयोगाला हात लावण्यापूर्वी प्रत्येकाने आपला अंदाज कारणासह पेनने लिहावा आणि नंतर तो खोडू नये, असे आपण सुचवले होते. वजन वाढले की लंबक भरभर हलेल, असे जवळजवळ सर्वांनी लिहिले. एकाऐवजी दहा हेलकावे मोजण्याची आपली सूचनाही मोलाची ठरली, कारण घड्याळ पाहताना होणारी लहानशी चूक त्यामुळे दहा हेलकाव्यांत वाटली जाते. २५ सेंटिमीटर लांबीच्या लंबकाला दहा हेलकाव्यांसाठी सुमारे १० सेकंद लागले.

मग वायसर वाढवले. एका गटाचा वेळ तेवढाच राहिला, दुसऱ्या गटाचा मात्र वाढला, आणि दोन्ही गट आपापल्या मोजणीवर ठाम होते. मी उत्तर सांगणार, तोच आपण मला खुणेने थांबवलेत आणि गटांना एकमेकांचे लंबक पाहायला सांगितलेत. एक मुलगी बराच वेळ दोन्हीकडे पाहून म्हणाली, "त्यांनी सगळे वायसर एकाच आकड्यात अडकवलेत. आपण एकाखाली एक लावलेत, म्हणून आपला लंबक लांब झालाय." पट्टी आली, वायसर एकाच आकड्यात गेले, पुन्हा मोजणी झाली आणि फरक उरला नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मला फळ्यावर लिहावेच लागले नाही. पुढे लंबक १ मीटरचा केल्यावर दहा हेलकाव्यांना सुमारे २० सेकंद लागले, तेव्हा लांबी चौपट होऊनही वेळ दुप्पटच का, असे मुलांनीच विचारले. याचे पूर्ण उत्तर चौथीत घाईने देऊ नये, हे आपले मत मला मनापासून पटते.

नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज शारपाक यांनी १९९६ साली फ्रान्समधील प्राथमिक शाळांसाठी जो उपक्रम सुरू केला, त्यात मुलांनी स्वतःच्या शब्दांत लिहिलेल्या प्रयोगवहीला मोठे स्थान आहे, ही माहिती आपणच दिलीत. आमच्या वर्गातल्या वह्यांत आता चुकलेले अंदाज, तिरप्या आकृत्या आणि "पुन्हा करून बघायचे" अशा नोंदी आहेत, आणि फळ्यावरून उतरवलेल्या नेटक्या व्याख्यांपेक्षा मला त्या कितीतरी अधिक मोलाच्या वाटतात.

सध्या पाण्यात विरघळलेली साखर नाहीशी होते की पाण्यातच राहते, यावर वर्गात वाद चालू आहे. चव न घेता ते ठरवण्यासाठी एका गटाने तराजू मागितला आहे. त्या तासाला आपण यावे, अशी मुलांची आणि माझी विनंती आहे.

आपली कृतज्ञ,
चौथीची वर्गशिक्षिका