इंजिन बंद पडले म्हणजे विमान कोसळले असे नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

इंजिन बंद पडल्याने छोटे खासगी विमान शेतात उतरल्याची बातमी वाचली. मथळ्यात विमान 'कोसळले' आणि मजकुरात वैमानिक स्वतःच्या पायांनी चालत बाहेर आला, हे एकत्र कसे नांदणार? अशी विमाने काही वर्षे हौसेने उडवली आहेत, म्हणून लिहितो.

इंजिन थांबले तरी पंख शाबूत असतात. सेस्ना 172 सारखे चार आसनांचे विमान, वारा नसेल तर, 3,000 फुटांवरून जवळपास 8 किलोमीटर तरंगत जाते. अट एकच, वेग ताशी 120 किलोमीटरच्या आसपास राखायचा. हाताशी मिनिटे चार. तेवढ्यात शेत हेरायचे, वारा कुठून आहे ते बघायचे, इंधनाची कळ तपासायची, जमल्यास रेडिओवर 'मेडे', म्हणजे संकटाची हाक, सांगायचे.

'धावपट्टीकडे मागे का वळवले नाही?' असेही बातमीत विचारले आहे. उड्डाण करताच, कमी उंचीवर, नेमके तेच करायला जाऊन अनेकांनी जीव गमावला आहे. तीव्र वळणात उंची भराभर जाते, वेग घटला की पंखांची उचल सुटते, आणि मग मात्र विमान खरोखर कोसळते. अशा वेळी समोर दिसेल ते रान आपले.

माझ्यावर ही वेळ अर्धीच आली. हवा दमट, थंडी म्हणावी तर नाही. इंजिनाचे फेरे हळूहळू उतरू लागले. कार्बोरेटरमध्ये, म्हणजे हवा आणि इंधन मिसळते त्या भागात, बर्फ धरला होता (अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात बसलेल्याला हे पटत नाही!). गरम हवेची दांडी ओढली, तर इंजिन आणखीच खोकू लागले, कारण वितळलेले पाणी आत जात होते. दांडी परत ढकलायला हात नुसता शिवशिवत होता. तसाच धरून बसलो, आणि खाली कापणी झालेला एक तुकडा मनाशी पक्का करून ठेवला. मग आवाज सुधारला.

बातमीत कारण म्हणून 'तांत्रिक बिघाड' एवढेच आहे. पुष्कळदा टाकी रिकामी असते, नाहीतर इंधनात पाणी उतरलेले असते. चौकशीचा अहवाल आला की खरे कारणही छापावे, आतल्या पानावर का होईना.

कळावे,
आपला एक वाचक