फॉरमॅट नोको मारू, थांब जरा

प्रिय दोस्ता,

तुहा रातचा मेसेज सकाळी पाह्यला. अपडेट चालू असतानी लाइट गेली, आता काट्यावरच्या कॉम्प्युटरवर नुसता काळा स्क्रीन अन् खाली इनिट्रामएफएस (मशीन सुरू होतानी आधी चालते ते छोटं तात्पुरतं सिस्टीम) लिहून येते, अन् तालुक्याचा पोरगा म्हणते डिस्क गेली, फॉरमॅट मारतो. कापसाचा सीझन, जिनिंगच्या गेटापासून गाड्यायची लाइन, पावत्या सगळ्या त्याच्यातच, म्हणजे तुह्या मालकाची घाई मले समजते. पण फॉरमॅट नोको मारू बे.

त्यानं लाइव्ह पेनड्राइव्ह (त्याच्यावरूनच लिनक्स चालते तो) लावून डिस्क माउंट करून, म्हणजे जोडून उघडून, पाह्यली तं "अननोन फाइलसिस्टीम टाइप एलव्हीएमटू मेंबर" आलं, एवढ्यावरच तो डिस्क गेली म्हणते. उलट आहे ना गड्या, डिस्क वाचता आली म्हणूनच तिनं आपली ओळख सांगतली. मागं मीच तिथं उबुंटू लिनक्स टाकून देलं तेव्हा एलव्हीएमवाला (डिस्कची जागा वाटून देणारा) पर्याय घेतला होता, त्याच्यात डेटा सरळ पार्टिशनवर नसते, मधात एक थर असते. पार्टिशनचं झालं पीव्ही (फिजिकल व्हॉल्यूम), त्याचा व्हीजी (व्हॉल्यूम ग्रुप), अन् त्याच्यातून ४ एमबीचे तुकडे जोडून एलव्ही (लॉजिकल व्हॉल्यूम) बनते, डेटा त्याच्यात, कोणता तुकडा कोणाचा हे पीव्हीच्या सुरुवातीले साध्या टेक्स्टमधी लिहून असते. वावर जागेवरच आहे, फक्त सातबारा काढला नाई, तसं समज.

पेनड्राइव्ह लावायच्या आधी त्या काळ्या स्क्रीनवरच "एलव्हीएम व्हीजीचेंज -एवाय" (सगळे एलव्ही चालू करणारी कमांड) मारून "एक्झिट" करून पाय, कधीकधी एवढ्यावरच मशीन उठते. पण तिथं एलव्हीएमच सापडत नसन तं इनिट्रामएफएस अर्धवट बनलं, मंग लाइव्ह पेनड्राइव्हच लागन.

लाइव्हमधी रूट होऊन, म्हणजे सगळे अधिकार घेऊन, व्हीजीस्कॅन, मंग एलव्हीस्कॅन. काही पेनड्राइव्ह एलव्ही आपोआप चालू करते, काही नाई करत, म्हणून इनॅक्टिव्ह दिसलं तं घाबरू नोको, व्हीजीचेंज -एवाय मारजो. आता डेव्ह फोल्डरमधी व्हीजीउबुंटूच्या खाली रूट नावाचा मुख्य एलव्ही दिसन, नाव थोडं वेगळंई असू शकते, एलव्हीस्कॅन जे दाखवन तेच घेजो. माउंट करायच्या आधी त्याच्यावर एफएससीके (फाइलसिस्टीम तपासून दुरुस्त करणारी कमांड) चालवून घे. माउंट केलेल्यावर कधीच नाई, तिथं वाट लागते! अन् डिस्क खडखड करत असन तं याच्यातलं काहीच करू नोको, आधी स्मार्टसीटीएलनं (डिस्कची तब्येत दाखवते ते) पेंडिंग सेक्टर, म्हणजे वाचता न आलेल्या जागा, पाय, आकडा वाढत असन तं डीडीरेस्क्यूनं पुरी डिस्क दुसरीवर उतरव अन् दुरुस्ती त्या कॉपीवरच कर.

मंग तो रूट एलव्ही एमएनटी फोल्डरवर माउंट, त्याच्यात बूटवालं वेगळं पार्टिशन, मंग ईएफआयवालं (मशीन सुरू करायच्या फाइलींचं), अन् डेव्ह, प्रॉक, सिस हे तिन्ही फोल्डर बाइंड करून, म्हणजे तिथंई जोडून, सीएचरूट, म्हणजे डिस्कवरच्या उबुंटूच्या आत जा. लोकं बूटवालं माउंट करतच नाईत, मंग नवीन इनिट्रामएफएस रिकाम्या फोल्डरमधी जाऊन पडते अन् मशीन पुन्हा तिथंच अटकते, म्हणून तेवढं नीट पायजो. आत गेल्यावर डीएफनं बूटमधी जागा पाय, तिथं जुने कर्नल (सिस्टीमचा गाभा) भरून असतात, अन् जागा असन तं अपडेट-इनिट्रामएफएस -यू -के ऑल (इनिट्रामएफएस नव्यानं बनवते), मंग अपडेट-ग्रब (सुरू व्हायचा मेनू बनवते). बाहेर ये, सगळं अनमाउंट कर, व्हीजीचेंज -एएन मारून एलव्ही बंद कर, रीबूट.

समजा व्हीजीच दिसत नाई, तरीई फॉरमॅट नाईच. एलव्हीएम दर बदलाले आपल्या मेटाडेटाची (कोणता तुकडा कोणाचा त्या नोंदीची) कॉपी ईटीसीच्या एलव्हीएम फोल्डरात, बॅकअप अन् आर्काइव्हमधी ठेवते, व्हीजीसीएफजीरिस्टोर तीच कॉपी परत लिहिते. पण ती कॉपी त्याच डिस्कवर अडकून पडते ना, म्हणून मशीन उठलं का ते फोल्डर आधी एका वेगळ्या पेनड्राइव्हवर घेऊन ठेव, अन् मालकाले सांगून यूपीएसची बॅटरीई बदलून घे, ते आता नुसती टिकटिकच करते.

काही करायच्या आधी एलव्हीस्कॅनच्या स्क्रीनचा फोटो पाठवजो, फोन मी उचलतो, वावरात असलो तरी. काकूले नमस्कार सांगजो.

तुहाच दोस्त