ओट्याची गाठ सैल करणाऱ्या आजींस

ती. आजींस,
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

कादंबरी छापून आली. पहिली प्रत तुमच्या नातीकडे दिली आहे, ती तुम्हाला सवडीने वाचून दाखवील. आभाराचे हे पत्र मात्र मी चारचौघांत लिहीत आहे, कारण ज्यांनी मला याआधी वाटेला लावले तेही ते वाचतील, आणि त्यांनी वाचावे अशी माझी इच्छा आहे.

छप्पन्याच्या दुष्काळाच्या, म्हणजे १८९९-१९०० च्या, आधीच्या हंगामात ही गोष्ट सुरू होते आणि तिच्यातली बाई तापीकाठी दुसऱ्याच्या शेतात कपाशी वेचते, एवढे सांगितल्यावर एका अभ्यासकांनी मला विचारले होते की लहानपणी लावलेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदायला नकार देणाऱ्या रखमाबाईंचा खटला आणि मुलींच्या शरीरसंबंधाचे किमान वय वाढवणारा संमतिवयाचा १८९१ चा कायदा यांपैकी तिच्या कानावर काय आले होते. काहीच नाही, असे मी म्हणताच त्यांचा रस संपला. जणू त्या काळातल्या बाया फक्त मुंबई-पुण्यातच जगत होत्या! एका प्रकाशकांना नथ आणि चौसोपी वाडा हवा होता. जुनी दप्तरे पाहण्यासाठी एका कचेरीत दिलेला माझा अर्ज बहुधा अजून तिथेच पडून असेल.

छापील साधनांनी तरी किती साथ द्यावी? अमेरिकेतल्या १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धामुळे मँचेस्टरला जाणारा तिकडचा कापूस अडला आणि खानदेशातल्या कपाशीला एकाएकी भाव आला, हे कोणत्याही पुस्तकात सापडते. १८८० च्या खानदेश गॅझेटियरात पिकांचा आणि व्यापाराचा हिशेब पानेच्या पाने भरून आहे. दिवसभर वेचून झाल्यावर त्या बाईची कंबर नेमकी कुठे भरून येत असेल, हे सांगायला ते ग्रंथ बसलेच नव्हते.

तुम्ही मला ओसरीवर बसवून सगळी गोष्ट ऐकून घेतलीत, मध्ये एकदाही ‘हे कशाला हवे’ असे विचारले नाहीत, आणि मग ट्रंकेतून विरलेले लुगडे काढून माझ्या कमरेला ओटा, म्हणजे वेचलेला कापूस टाकायची झोळी, बांधलात. तो घट्ट बांधून झाल्यावर तुम्ही थांबलात आणि विचारलेत, ‘ती कितव्या महिन्यात आहे?’ मी सहावा म्हणाले. तेव्हा तुम्ही गाठ सोडलीत, दोन बोटे आत घालून ती सैल केलीत, पोटावरून सरकवून कमरेच्या बाजूला घेतलीत आणि ओझे खांद्यावर यावे म्हणून एक टोक वर नेऊन बांधलेत. मग आपण बांधावरून कपाशीत उतरलो. बोंडाची वाळकी टोके बोटांना लागत होती, ओटा भरत गेला तसा तो एका अंगाला ओढू लागला, आणि माझी नायिका वाकडी चालत असणार हे मला तिथे, त्या काळ्या जमिनीत उभी असताना कळले. माझ्या मनातल्या बाईच्या पोटाची काळजी तिला जन्म देणाऱ्या माझ्याआधी तुम्ही केलीत. त्या प्रकरणाचे मी काय ते चीज केले असेल, ते या दोन बोटांच्या जोरावर.

परतताना तुम्ही तुमच्या आजेसासूंचे सांगितलेत: नवरा गेला, पाट लागला, म्हणजे रूढीप्रमाणे दुसरे लग्न झाले, आणि पहिल्या घरचे शेत सुटले. आपल्याकडे पुष्कळ जातींत पाटाची रीत १८५६ च्या विधवा पुनर्विवाह कायद्याच्या कितीतरी आधीपासून होती. त्या कायद्याने पुनर्विवाहाला मान्यता दिली खरी, पण दुसरे लग्न करणाऱ्या विधवेचा मयत नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्कही काढून घेतला, आणि मुंबई उच्च न्यायालयाने हा नियम पाटाची रूढी असलेल्या जातींनाही लावला. ज्यांना लग्नासाठी या कायद्याची गरजच नव्हती, त्यांच्याही हातचे शेत त्याने नेले. मी हे निकालांच्या पुस्तकात वाचले होते आणि त्यावर दोन कोरडी पाने लिहून ठेवली होती. तुम्ही मात्र बांध कुठून कुठवर होता हे हात करून दाखवत ते सांगितलेत, म्हणून ती पाने फाडून मी त्या जागी बांध लिहिला.

कोण आहेस, कुठल्या विद्यापीठाची, पुस्तकात आमचे नाव येणार का, यांतले काहीही न विचारता आलेल्या माणसाचे काम आपले समजणारी माणसे आपल्या तापीकाठी अजून आहेत, आणि ती बहुतेक वेळा सभेच्या व्यासपीठावर नसतात, बांधावर असतात. त्यांच्या चांगुलपणाचा आपल्याला इतका सराव झालेला असतो की त्याची कुठे नोंद करायची आपल्याला आठवणही राहत नाही. दप्तरे सांभाळणाऱ्यांनी त्यातले चिमूटभर जरी घेतले तरी पुष्कळ होईल.

तुमच्या इच्छेप्रमाणे पुस्तकात तुमचे नाव घातलेले नाही. सरकीचा हंगाम आटोपला की मी येते. आजेसासूंनी दुसऱ्या घरी गेल्यावर मुलाला मागे ठेवले की बरोबर नेले, एवढे तेव्हा सांगायचे राहिले होते, आणि पुढच्या पुस्तकाला ते हवे आहे.

आपली नम्र,
तुमचे लुगडे अजून परत न केलेली