समुद्रातले दिवस मोजून बोट ठरवा

रेडिंग, १८ जानेवारी

ती. आई आणि बाबा यांना सा. न.

तुम्ही पाठवलेली बोट-सहलींची दोन्ही पत्रकं वाचली. भूमध्य समुद्रातली सात रात्रींची फेरी घेऊ नका. ती सहल म्हणून छान आहे, पण तुम्हाला जायचंय पत्त्यांतलं ब्रिज खेळायला. तिथे जवळजवळ रोज सकाळी नवं बंदर लागतं, आणि बंदराच्या दिवशी बोटीवर डुप्लिकेट (तेच डाव सगळ्या टेबलांवर फिरवून खेळायची स्पर्धा) बहुधा ठेवतच नाहीत, कारण निम्मी माणसं खाली उतरलेली असतात. संध्याकाळी ठेवलं तरी दिवसभर चालून दमलेले लोक टेबलाशी येत नाहीत. खरा खेळ होतो तो पूर्ण दिवस समुद्रात असताना. सात रात्रींत असा दिवस एक, फार तर दोन. म्हणून कुठलंही पत्रक हातात घेतलं की बंदरांची नावं नंतर वाचा, आधी ‘सी डे’ मोजा.

साउदॅम्प्टन ते न्यूयॉर्क ही ‘क्वीन मेरी २’ची सात रात्रींची फेरी या हिशेबात सगळ्यात सरस. मध्ये एकही बंदर नाही. बाबा, आपण खेळतो त्या कॉन्ट्रॅक्ट ब्रिजची गुणपद्धतही अशाच लांबच्या प्रवासात बसली: १९२५ साली, ‘फिनलंड’ बोटीवर, पनामा कालव्याकडे जाताना, हॅरल्ड व्हँडरबिल्ट यांच्या हातून. जास्त दंडाच्या स्थितीला म्हणतात तो ‘व्हल्नरेबल’ हा शब्दसुद्धा त्याच बोटीवरच्या एका तरुण प्रवासिनीने सुचवला. पण न्यूयॉर्कला उतरायचं तर ब्रिटनबरोबर अमेरिकेचाही व्हिसा हवा, आणि तिथून मुंबईचं विमान पंधरा-सोळा तासांचं. बाबांच्या गुडघ्यांना ते नको.

त्यापेक्षा माझी पसंती साउदॅम्प्टनहून निघून तिथेच परतणाऱ्या, मदिरा आणि कॅनरी बेटांच्या १४ रात्रींच्या फेरीला. जाता-येता मिळून साधारण सहा-सात दिवस समुद्रात मिळतात, बंदरंही तेवढीच, आणि आधी-नंतर इथे माझ्याकडे राहता येतं. मे-जून किंवा सप्टेंबरची तारीख धरा. वाटेत बिस्केचा उपसागर ओलांडावा लागतो. तो हिवाळ्यात चांगलाच खवळतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पत्रकात ‘ब्रिजची सोय’ असं लिहिलेलं असतं, त्याचे तीन वेगळे अर्थ होतात. कधी खेळ चालवणारा डायरेक्टर बोटीचाच असतो, सगळ्यांना खेळायला मिळतं आणि ते भाड्यात धरलेलं असतं. कधी एखादी ब्रिज-सहल कंपनी स्वतःचा डायरेक्टर आणि शिक्षक घेऊन बोटीवर येते: सकाळी तासभर शिकवणी, दुपारी डुप्लिकेट. अशा वेळी त्या कंपनीमार्फत आरक्षण केलेल्यांनाच टेबलावर बसता येतं. तीच खोली दुसरीकडे स्वस्त मिळाली म्हणून घेतली, तर बोट तीच, पण खेळ नाही. लोक फसतात ते इथे. आणि तिसऱ्या प्रकारात नुसती पत्त्यांची खोली असते, कपाटात चार जोड, भिडू तुम्हीच शोधायचे.

तुमच्यासाठी दुसरा प्रकार योग्य. पैसे भरण्याआधी ई-मेलने लेखी विचारा: त्याच तारखेच्या फेरीवर डायरेक्टर नक्की आहे का, मागच्या अशा फेरीला किती टेबलं जमली होती, टेबल-फी वेगळी आहे का, आणि खेळ कुठे होतो. पाच टेबलांच्या खाली आकडा असेल तर मी सोडून देईन. तीन टेबलांत एक बोर्ड, म्हणजे वाटून ठेवलेला एक डाव, तीनदाच खेळला जातो. एका जोडीने भलतीच स्लॅम (बारा किंवा तेरा हातांची बोली) बोलली की बाकी दोघांची टक्केवारी उलटीपालटी होते, आणि रोज त्याच पाच जोड्या समोर येतात. शिवाय कमी टेबलांना हॉवेल नावाची फिरण्याची पद्धत लावतात, त्यात जवळपास सगळ्यांना प्रत्येक फेरीला उठावं लागतं. मिचेल पद्धतीत नॉर्थ-साउथ जागेवर बसून राहतात, ईस्ट-वेस्ट पुढच्या टेबलाला जातात. बाबांच्या गुडघ्यांचं सांगून पहिल्याच दिवशी नॉर्थ-साउथची जागा मागून घ्या. बहुतेक डायरेक्टर आनंदाने देतात.

सोसायटीत तुम्ही चौघांतच रबर ब्रिज खेळता, त्यामुळे काही सवयी आत्तापासून बदलायला हव्यात. बोर्डाच्या खाचेतून पानं काढली की आधी उलटीच मोजा, तेरा. मग बघा. बारा-चौदा निघाली आणि पाहून झाल्यावर कळलं, तर तो बोर्ड खराब होऊ शकतो. पान मध्ये टाकायचं नाही, आपापल्या पुढ्यात ठेवायचं. जिंकलेला हात उभा, हरलेला आडवा. शेवटी पानं त्याच खाचेत परत. साधारण तीन तासांत २४ बोर्ड होतात, म्हणजे दोन बोर्डांना पंधरा मिनिटं. घरी मोबाइलवर पंधरा मिनिटांचा गजर लावून दोन-दोन डाव खेळा. बाबा, पहिल्या हाताला तुम्ही डमी (भिडूची टेबलावर उघडी मांडलेली पानं) बघत जो विचार करता तो योग्यच आहे, पण मग पुढची पानं भराभर पडायला हवीत. वेळ संपला की डायरेक्टर पुढचा बोर्ड काढून घेतो.

बोली तोंडी नसते, बिडिंग बॉक्समधली कार्डं काढून ठेवायची असतात. बाबांच्या श्रवणयंत्राला हे फारच सोयीचं. पण डमीचं पान तोंडानेच मागायचं असतं, आणि तिथे ‘इस्पिकची राणी’ पटकन निघून जाते. ‘क्वीन ऑफ स्पेड्स’, ‘स्मॉल क्लब’ अशी घरी सवय करा. आणि आई, टेबलावर बाबांशी मराठीत एक शब्दही नको, ‘पाणी हवंय का’ एवढंही नको. समोरच्या जोडीला भाषा कळत नाही, तुम्ही पानांबद्दल खुणावताय असं त्यांना वाटू शकतं. तुझ्या प्रामाणिकपणावर कोणी शंका घेतलेली मला सहन होणार नाही, म्हणून आधीच सांगते.

साउदॅम्प्टनच्या बोटीवर बहुतेक जण बोलीची ब्रिटिश पद्धत अ‍ॅकॉल खेळतात. त्यांचा एक नो ट्रम्प (बिनहुकमी बोली) हातातल्या १२-१४ गुणांचा, तुमचा १५-१७. त्यामुळे दोन गोष्टी पक्क्या करा. तुम्ही एक नो ट्रम्प उघडलात की भिडूने ‘फिफ्टीन टु सेव्हन्टीन’ असं मोठ्याने सांगायचं. आणि त्यांच्या १२-१४ वर तुमचं डबल म्हणजे १५ किंवा जास्त गुण, दंडासाठी. तिथे टेकआउट (भिडूला बोलायला सांगणारं डबल) समजून बोली काढली की हातातला चांगला बोर्ड जातो. त्यांची मेजर सूट (इस्पिक किंवा बदाम) चार पानांवरही उघडते, हे बचावात मोजताना लक्षात ठेवा. बोलीचे संकेत लिहायच्या कन्व्हेन्शन कार्डाच्या दोन सारख्या प्रती भरून आणा, स्टेमन आणि ट्रान्सफर हे संकेत दोन्हीवर सारखंच लिहिलेलं हवं.

खोली बोटीच्या मधोमध, खालच्या मजल्यावर, लिफ्टजवळ घ्या. तिथे हेलकावे सगळ्यात कमी. अ‍ॅव्होमिनने मळमळ थांबते पण झोप येते, आणि झोपेत बोली चुकते. ती कधी आणि किती घ्यायची, बाबांच्या प्रोस्टेटला चालेल का, हे डॉक्टरांना आधी विचारा. रोजच्या गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगा चढताना काढून घेतात आणि खोलीवर उशिरा पोचतात. जेवणाची वेळ लवकरची निवडा म्हणजे संध्याकाळचा खेळ चुकणार नाही. शाकाहारी जेवणाचं आरक्षण करतानाच लिहून कळवा. बक्षिशी बऱ्याच बोटींवर माणशी रोजची आपोआप बिलात लागते, ती बजेटमध्ये धरा.

मदिरा आणि कॅनरीसाठी शेंगेन व्हिसा लागेल. इथे पाहुणे म्हणून आल्यावर तो सहसा मिळत नाही, म्हणून दोन्ही व्हिसे मुंबईहूनच करायचे: आधी ब्रिटनचा, मग स्पेनचा, कारण जास्त दिवस त्यांच्या बेटांवर आहेत. शेंगेनसाठी ३०,००० युरोचा विमा पुरतो, पण बोटीवरून हेलिकॉप्टरने न्यायची वेळ आली तर तो अपुरा आहे. क्रूझचा उल्लेख असलेला मोठा विमा घ्या आणि बाबांचं बीपी, आईची शुगर अर्जात लिहा. लपवलं तर नेमका तोच दावा नाकारतात.

दोघांच्या पासपोर्टच्या पहिल्या पानाचे फोटो पाठवा. मुदत परतीच्या तारखेनंतर सहा महिने तरी हवी. आईचा पासपोर्ट संपत आलाय असं मला वाटतंय, तो आधी बघा. सप्टेंबर की मे, हे या रविवारी फोनवर सांगा, म्हणजे सोमवारी मी कंपनीला ई-मेल करते.

तुमची,
मनू