ट्यूटर मॅडम, लाल शाईच्या नोंदींसाठी आभार

आदरणीय मॅडम,
सादर प्रणाम.

गेल्या पावसाळ्यात आमच्या जिल्हा रुग्णालयातील परिचारिकांसाठी आपण तीन दिवसांचे जीवनकौशल्य प्रशिक्षण घेतलेत. समारोपाच्या वेळी आभाराचे दोन शब्दही माझ्या तोंडून निघाले नाहीत, आणि नेमके कशाबद्दल आभार मानायचे हे उमगायला पुढचे कित्येक महिने गेले. म्हणून हे पत्र. ते उघड लिहिते आहे, कारण रात्रपाळीच्या इतर सिस्टरनीही ते वाचावे असे वाटते.

प्रशिक्षणाची ऑर्डर हातात पडली तेव्हा मला रागच आला होता. रात्रपाळी करून, सकाळी आठला हँडओव्हर देऊन तसेच हॉलमध्ये येऊन बसायचे होते. नवजात बालकांच्या विशेष काळजी कक्षात, म्हणजे आमच्या एसएनसीयूत, तीन-चार बाळांमागे एक सिस्टर असायला हवी. तिथे आम्ही दोघी रात्रभर बावीस बाळे सांभाळत होतो. अशा वेळी कोणीतरी येऊन ताण कसा हाताळावा हे सांगणार, ही कल्पना जखमेवर मीठ चोळल्यासारखी होती. आपण आमचे चेहरे पहिल्याच तासात वाचलेत. जागतिक आरोग्य संघटनेने 1990च्या दशकात मांडलेली दहा कौशल्ये, म्हणजे स्वतःची जाणीव, समानुभूती, संवाद, ताणाशी आणि भावनांशी जुळवून घेणे वगैरे, फळ्यावर लिहून आपण म्हणालात, "ही दहाही अंगी बाणली तरी दोन सिस्टरच्या चार होत नाहीत. ते मागणे वेगळे आहे आणि ते मी वर लेखी कळवणार आहे." त्यानंतरच मी खऱ्या अर्थाने ऐकू लागले.

मग आपण कोरे टीपीआर चार्ट वाटलेत. पेशंटचे तापमान, नाडी आणि श्वास दर चार तासांनी नोंदवणाऱ्या आम्ही, त्याच रेघांवर स्वतःचा राग, थकवा आणि झोप पंधरा दिवस नोंदवायची होती. सवयीप्रमाणे दिवसा निळी शाई, रात्री लाल. पंधरा दिवसांनी आपण परत आलात आणि मी चार्ट उलगडला, तेव्हा रागाची रेघ जिथे जिथे वर गेली होती तिथे लाल शाई होती, आणि वेळ पहाटे चार ते सहाची.

त्यातल्या एका टिंबाबद्दल मी तेव्हा हॉलमध्ये बोलले नाही. सिझेरियन होऊन तिसरा दिवस असलेली एक आई, एका हाताने भिंत धरत, दुसऱ्या हातात काढलेल्या दुधाची स्टीलची वाटी घेऊन पहाटे पाचला दाराशी आली होती. बाळ अकराशे ग्रॅमचे. "ताई, आज डोळे उघडले का त्याने?" एवढेच तिने विचारले, आणि मी तिच्यावर खेकसले. काही न बोलता वाटी टेबलावर ठेवून ती खाली गेली. वाटीत जेमतेम दोन चमचे दूध होते. चार्टवर मी फक्त "राग 4" लिहिले होते.

आमच्याकडे "रोज मरे त्याला कोण रडे" असे सर्रास म्हटले जाते आणि मी त्यालाच कणखरपणा समजत आले. त्या दिवशी आपण सांगितलेत की 2019 साली मान्य झालेल्या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात, कामाच्या दीर्घ ताणातून येणाऱ्या 'बर्नआउट'ची तीन लक्षणे दिली आहेत: गळून जाणे, कामापासून मनाने तुटणे, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. तिथे तो आजार मानलेला नाही, कामाशी जोडलेली अवस्था म्हटले आहे. मग दुसऱ्या लक्षणासमोर आपण खडूने ती म्हण लिहिलीत. हॉलमध्ये कोणीच बोलेना. मला मात्र, कितीतरी वर्षांनी, मी मुळात वाईट बाई नाही असे वाटले.

ते बाळ अजून आमच्याकडेच होते. दुसऱ्या दिवशी मी त्या आईजवळ जाऊन "त्या पहाटे माझे चुकले" असे म्हणाले. तिने बाकावरची पिशवी उचलून मला बसायला जागा केली.

आता पहाटे चारनंतर आम्ही आळीपाळीने दहा मिनिटे टेकतो. एखादे बाळ गेले, तर हँडओव्हरपूर्वी त्याच्याबद्दल एकमेकींशी बोलल्याशिवाय कोणी घरी जात नाही. आपण दिलेला टेली-मानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, 14416 हा क्रमांक ड्युटी रूमच्या कपाटावर चिकटवला आहे आणि एका सहकारिणीने त्यावर फोनही केला. आपल्या पत्रानंतर रात्रीला तिसरी सिस्टर मिळाली. आणखी हव्यात, पण तीही मोठीच गोष्ट आहे.

एक विनंती आहे. पुढच्या तुकडीत वॉर्डातल्या मावशींनाही बसवावे. गेलेले बाळ कापडात गुंडाळून नातेवाइकांच्या हाती देण्याचे काम बहुतेक वेळा त्याच करतात, आणि त्यानंतर त्यांना कोणी पाणीसुद्धा विचारत नाही.

आपली कृतज्ञ विद्यार्थिनी,
एक स्टाफ नर्स, एसएनसीयू