संध्याकाळी सातला झोपी जाणारं चॅनेल आमच्या पोरांनाही पाहिजे

प्रति,
माननीय केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्री,
शास्त्री भवन, नवी दिल्ली

विषय : तीन ते सहा वर्षांच्या मराठी पोरांसाठी दूरदर्शनचं बिनजाहिरातीचं चॅनेल

साहेब, नमस्कार.

मी कोल्हापुरातला केबलवाला. गच्चीवर डिश बसवून गल्लीभर वायर ओढायच्या जमान्यापासून ह्याच धंद्यात आहे, आता बॉक्स आले, पॅक आले, रिचार्ज आले, तरी महिन्याच्या वसुलीला मी अजून घरोघरी जातो, त्यामुळं कुणाच्या घरात काय बघतात हे मला टीआरपीवाल्यांपेक्षा बरं माहीत असतंय. बॉक्सवर चॅनेल शेकड्यानं आहेत. बातम्यांची तर इतकी की आम्हालाच नंबर पाठ नाहीत. पण तीन-चार वर्षांचं पोरगं मांडीवर घेऊन आजी विचारते की ह्याच्यासाठी मराठीत काय लावू, तेव्हा सांगण्यासारखं माझ्याकडं फार काही नसतं.

लगेच कुणीतरी म्हणेल की मराठीत कार्टून लागतात की. लागतात. ईटीव्ही बालभारत २०२१ ला आलं, मराठीसकट बऱ्याच भाषांत, चांगलंच झालं. पण ते सगळ्या वयाच्या पोरांना एकत्र घेऊन चालतं, आणि एकच कार्टून दहा भाषांत बोलवणं वेगळं आणि मराठी पोरांसाठी मुळापासून बनवणं वेगळं. बाकी घरांत हिंदी कार्टूनच चालतात. घरात कुणी हिंदी बोलत नाही आणि पोरगं मात्र आईवर रागावतंय ते हिंदीत. सगळे हसतात, व्हिडिओ काढून स्टेटसला ठेवतात. पहिल्यांदा मीपण हसलो होतो.

मी ज्या चॅनेलबद्दल बोलतोय ते ब्रिटनमध्ये आहे, नाव सीबीबीज. बीबीसीनं ११ फेब्रुवारी २००२ ला सुरू केलं, फक्त शाळेच्या उंबरठ्यावरच्या पोरांसाठी. सकाळी सहाला चालू होतं आणि संध्याकाळी सातला बंद. बंद म्हणजे खरंच बंद. सहानंतर सगळं हळू हळू शांत होत जातं, सातच्या आधी कुणीतरी समोर बसून पुस्तक हातात घेऊन एक गोष्ट वाचतं, मोठमोठे नट येतात त्यासाठी, आणि मग शुभरात्री, आता झोपा. मला ह्यातली धंद्याची गंमत जास्त आवडली, म्हणजे तिथं अँटेनावरच्या प्रसारणात सीबीबीज जी जागा वापरतं तीच जागा सातनंतर बीबीसी फोर ह्या मोठ्यांच्या चॅनेलला मिळते. एका जागेत दोन चॅनेल, पोरं झोपली की मोठे बसले. साहेब, जागा नाही, खर्च नाही असं कुणी अधिकारी फाईलवर लिहायला लागला तर त्याला एवढंच दाखवा.

आणि हे काय एका रात्रीत उगवलेलं नाही. १९५० मध्ये बीबीसीनं रेडिओवर आई आणि लहान पोरानं मिळून ऐकायचा कार्यक्रम सुरू केला होता, १९५३ पासून तसाच टीव्हीवर. मग १९६४ चा किस्सा तर ऐकाच. बीबीसीचं दुसरं चॅनेल २० एप्रिलला मोठ्या थाटात सुरू होणार होतं, सगळी तयारी झालेली, आणि लंडनमधल्या एका वीज केंद्रात आग लागून लाईटच गेली! सगळा कार्यक्रम पाण्यात. (लोडशेडिंग फक्त आपल्याकडंच असतं असं नाही.) दुसऱ्या दिवशी सकाळी ११ वाजता त्या नव्या कोऱ्या चॅनेलवर ठरल्याप्रमाणं जो पहिला कार्यक्रम लागला तो प्ले स्कूल, बालवाडीच्या पोरांचा. म्हणजे उद्घाटन साहेब लोकांचं राहिलं आणि नारळ फोडला बारक्यांनी. तो कार्यक्रम पुढं १९८८ पर्यंत चालला. २००२ ला चॅनेल निघालं ते असल्या पन्नास वर्षांच्या सवयीवर निघालं, कुणाला तरी वाटलं म्हणून नाही.

सीबीबीजवर जाहिरात नाही, तिथले लोक टीव्हीची लायसन फी भरतात त्यातून खर्च चालतो. त्यामुळं पोरांना काही विकायचं नसतं, आणि विकायचं नसलं की माणूस निवांत बोलतो. निवेदक कॅमेऱ्यात बघून एकेका पोराशी बोलल्यासारखं बोलतात, पोरांनी घरी बनवून पाठवलेली वाढदिवसाची कार्डं दाखवतात. २००३ पासून एक कार्यक्रम आहे समथिंग स्पेशल, ज्या पोरांना बोलायला अडचण आहे त्यांच्यासाठी हातांच्या खुणा करत करत चालणारा, आणि तो सगळीच पोरं बघतात. २००९ मध्ये एक हात कोपरापर्यंतच असलेली निवेदिका त्यांनी आणली, सेरी बर्नेल, तेव्हा काही पालकांनी तक्रारी केल्या की आमची पोरं घाबरतील. बीबीसीनं तिला हलवलं नाही, ती पुढं कितीतरी वर्षं तिथंच होती. आपल्याकडं असं चार तक्रारींवर कोण टिकून राहिलं असतं, तुम्हीच सांगा.

आता हेच चॅनेल भारतात पण आलं होतं, बऱ्याच लोकांना माहीत नाही. २००७ ला आलं आणि २०१२ च्या नोव्हेंबरअखेर गेलं. तेव्हा आमच्याकडं अ‍ॅनालॉग केबल होतं, एका वायरीत चॅनेल बसणार मोजकेच, आणि त्यात शिरायचं तर चॅनेलवाल्यालाच कॅरेज फी मोजायला लागायची, मोठे नेटवर्क मोजायचे, असलं बारकं चॅनेल कुठनं मोजणार. गंमत बघा, मेट्रो शहरांत अ‍ॅनालॉग बंद करून डिजिटल करायची तारीख ३१ ऑक्टोबर २०१२ होती. म्हणजे वायरीत जागा व्हायला लागली आणि ज्याला जागा पाहिजे होती ते महिन्याभरात गाशा गुंडाळून गेलं.

बाजारावर सोडलं की असंच होतंय. अमेरिकेत स्प्राऊट नावाचं चोवीस तासांचं बालवाडी चॅनेल २००५ ला निघालं, पीबीएस ही तिथली सार्वजनिक प्रसारण संस्था आणि सेसमी स्ट्रीट बनवणारे असले तालेवार लोक सुरुवातीला त्यात होते. पुढं मालकी कॉमकास्ट ह्या बड्या केबल कंपनीच्या हातात गेली, २०१७ ला नाव बदलून जरा मोठ्या पोरांसाठी केलं, २०२५ च्या मार्चमध्ये बंद. मी हे वाईट हेतूनं म्हणत नाही, धंदा मी पण करतो. तीन वर्षांचं पोरगं काही विकत घेत नाही, दोन वर्षांत ते मोठं होऊन दुसऱ्या चॅनेलला जातंय, गिऱ्हाईक टिकतच नाही. असल्या धंद्यात कोण पैसा घालणार? सरकारनंच घालायला लागतो.

बरं, ब्रिटन मोठा देश, इंग्रजी जगाची भाषा, आमची बरोबरी कशाला असं म्हणाल, तर ब्रिटनमधलाच वेल्स हा छोटा प्रदेश बघा. वेल्श बोलणारे लोक २०२१ च्या जनगणनेत निघाले ५ लाख ३८ हजार. आमच्या कोल्हापूर शहराचीच लोकसंख्या २०११ ला ५ लाख ४९ हजार होती! म्हणजे आमच्या महापालिकेच्या हद्दीत जेवढी माणसं राहतात त्यापेक्षा कमी लोक ती भाषा बोलतात, आणि त्यांच्या एसफोरसी ह्या चॅनेलवर जून २००८ पासून बालवाडीच्या पोरांसाठी 'क्यू' नावाची रोजची सेवा आहे, सगळी वेल्शमध्ये. मराठी बोलणारे २०११ ला ८ कोटी ३० लाख. तुमच्या-आमच्या घरात पोरं बघतात तो फायरमन सॅम पण मूळचा वेल्श, १९८७ ला एसफोरसीसाठी बनला आणि मग जगभर गेला. ते एसफोरसी चॅनेल सुद्धा कुणी प्रेमानं दिलेलं नव्हतं. सरकारनं आश्वासन देऊन माघार घेतली तेव्हा १९८० मध्ये ग्विनफर इव्हान्स नावाच्या नेत्यानं जाहीर केलं की आमरण उपोषणाला बसतो, मग सरकार नमलं आणि १९८२ ला चॅनेल सुरू झालं. हे मी धमकी म्हणून लिहीत नाही साहेब, पण टोलविरोधी आंदोलनाच्या वेळचं कोल्हापूर तुमच्या खात्यात कुणाला आठवत असेल तर विचारून घ्या.

आणि लांब कशाला, आमच्या निपाणीच्या पलीकडं कन्नडमध्ये चिंटू टीव्ही २००९ पासून आहे. तमिळमध्ये चुट्टी टीव्ही २००७, तेलुगूत खुशी २००९, मल्याळममध्ये कोचू २०११. खाजगी आहेत, जाहिराती आहेत, मोठ्या पोरांचं पण असतं, ते सगळं मान्य. पण आहेत. केरळनं तर कोरोनात अंगणवाड्या बंद पडल्या तेव्हा सरकारच्या व्हिक्टर्स चॅनेलवर अंगणवाडीच्या पोरांसाठी किलिकोंजल नावाचा कार्यक्रमच सुरू केला.

आपल्याकडं काही नव्हतंच असं पण नाही, आणि ह्याचाच जास्त राग येतो. १९७५-७६ ला अमेरिकेचा उपग्रह वर्षभर मागून घेऊन आपण २,४०० खेड्यांत टीव्ही पोचवला, त्यात पोरांचे कार्यक्रम रोज सकाळी होते. मुंबई दूरदर्शनचं किलबिल आमच्या पिढीला अजून आठवतंय. पुण्यात १९८४ ला बालचित्रवाणी निघाली, मराठीत शाळेच्या पोरांसाठी कार्यक्रम बनवणारी सरकारी संस्था, स्वतःचा स्टुडिओ, स्वतःची माणसं. पैसे आटत गेले आणि २०१७ ला बंद करून टाकली. तीस-बत्तीस वर्षांत शिकलेले हात घरी बसले. आता तुमच्या सरकारनं टीव्हीवरून शाळेचे धडे द्यायला पीएम ई-विद्या काढलं, २०२२ च्या बजेटात १२ चे २०० चॅनेल करू म्हणून सांगितलं, पण ते पहिली ते बारावीसाठी. तुमचंच २०२० चं शैक्षणिक धोरण म्हणतंय की शिक्षणाचा पाया तिसऱ्या वर्षापासून आणि शिकवायचं मातृभाषेत. मग तीन ते सहा कुठं गेलं? दोनशे चॅनेलच्या घोषणेत ते तीन वर्षांचं पोरगं बसलंच नाही.

डॉक्टर लोक म्हणतील की एवढ्या बारक्यांना टीव्हीच दाखवू नये. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ ला सांगितलंय की दोन ते चार वर्षांच्या पोरांना दिवसाला एक तासापेक्षा जास्त स्क्रीन नको, त्याहून लहानांना शक्यतो नकोच. मला पटतंय. पण पोरगं जेवत नाही म्हणून आई मोबाईल समोर धरते आणि एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप लागतो, तो कधी संपतच नाही, आई काढून घेते तेव्हा घर डोक्यावर घेतलं जातं. चॅनेलला शेवट असतो, आज एवढंच म्हणून सांगणारं माणूस असतं. भिंतीवरचा टीव्ही आजी पण बघते, त्यावर बोलते, पोराला प्रश्न विचारते. मोबाईल पोरगं एकटंच बघतं.

माझी मागणी सरळ आहे. दूरदर्शनच्या ठरवून दिलेल्या चॅनेलना केबलवर जागा देणं आम्हाला कायद्यानं बंधनकारकच आहे, ग्राहकाला त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. तुमच्या खात्यानं एक अधिसूचना काढली, की चंदगडच्या वाडीपासून शिवाजी पेठेपर्यंत प्रत्येक बॉक्सवर ते चॅनेल येणार, दूरदर्शनच्या फ्री डिशवर पण येणार, कॅरेज फीचं लफडंच नाही. राज्याला सांगा म्हणू नका, राज्य सरकारांनी स्वतः चॅनेल चालवू नयेत, दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीमार्फत चालवावेत असं तुमच्याच मंत्रालयानं २०२२ ला कळवलंय. सुरुवातीला दिवसभर नको, सकाळी दोन तास आणि संध्याकाळी पाच ते सात दिलं तरी चालेल, तेच कार्यक्रम पुन्हा पुन्हा लावा, ह्या वयाच्या पोरांना तेच तेच आवडतंय. जाहिरात मात्र एक पण नको, सरकारी योजनेची सुद्धा नको, आणि मंत्र्यांचे फोटो पण नकोत, राग मानू नका.

आणि बनवायचं कुठं, तर कोल्हापुरात. हट्ट म्हणा पाहिजे तर. बाबूराव पेंटरांनी इथं १९१७ ला फिल्म कंपनी काढली, कॅमेरा सुद्धा स्वतः बनवला, खरी कॉर्नरला त्याचं स्मारक आहे. प्रभात १९२९ ला इथंच सुरू झाली, नंतर पुण्याला गेली ते सोडा. मोरेवाडीला चित्रनगरी उभी आहे, लाईटवाले, सेटवाले, मेकअपवाले सगळे इथंच राहतात, एक सिरीयल संपली की दुसरीची वाट बघत बसतात. गोष्ट सांगणारी माणसं तर शोधायला नकोत. फक्त सगळं पुण्या-मुंबईच्या तोंडानं नको, आमचं चंदगडी, तिकडचं वऱ्हाडी, कोकणातलं, सगळं येऊ दे, पोराला आपल्या आजीसारखं बोलणारं कुणीतरी टीव्हीत दिसू दे.

उत्तर हिंदीत पाठवलं तरी चालेल, वाचून घेईन.

आपला,
एक केबलवाला, कोल्हापूर

ता. क. ह्याची एक प्रत राज्याच्या शालेय शिक्षण मंत्र्यांना पण पाठवतोय. बालचित्रवाणीच्या जुन्या टेपा कुठल्या गोडाऊनमध्ये, कुठल्या अवस्थेत आहेत, तेवढं त्यांनी कळवावं. टेप दमट जागेत राहिली की बुरशी धरते, एकदा चिकटली की कुठलं मशीन ती ओढत नाही, तेव्हा कमिटी नेमायच्या आधी कुणीतरी जाऊन कुलूप काढून बघा.